लांबच्या प्रवासासाठी गाडीतला खाऊ कसा बांधावा

प्रवासात खाण्यावरचा खर्च पदार्थ महाग असतात म्हणून वाढतो असं वाटतं, पण नीट पाहिलं तर तो भुकेच्या वेळी हाताशी काही नसतं म्हणून वाढतो. मागच्या सीटवरून रड सुरू झाली की गाडी समोर दिसेल त्या दुकानापाशी थांबते. मग एका बिस्किटाच्या पुड्यासाठी उतरलेलं कुटुंब चार थंड पेयं, तीन वेफर्सची पाकिटं आणि एक न लागणारं खेळणं घेऊन परत चढतं. म्हणून खाऊची तयारी ‘काय करू?’ या प्रश्नापासून सुरू करू नये. ‘कधी लागेल?’ हे आधी ठरलं की काय आणि किती न्यायचं ते जवळजवळ आपोआप ठरतं.

या लेखात खाऊ म्हणजे दोन जेवणांच्या मधलं खाणं धरलं आहे. पूर्ण जेवण गाडीतच उरकायचा बेत असेल तर त्याची तयारी वेगळी लागते.

पहिली पायरी: आधी तास मोजा

कागद घ्या आणि निघण्याची वेळ, पोहोचण्याची अंदाजे वेळ आणि मधली जेवणं लिहून काढा. नकाशात दिसणारा वेळ खरा मानू नका. मुलं बरोबर असली की स्वच्छतागृहासाठी थांबणं, पाय मोकळे करणं, इंधन भरणं यात बराच वेळ जातो. सहा तासांचा रस्ता असेल तर सात-साडेसात तास धरूनच चाला.

आता जेवणांमधली अंतरं पाहा. मोठ्या माणसाला तीन-चार तास काही लागत नाही, लहान मुलांना मात्र दोन-अडीच तासांनी काहीतरी हवं असतं. समजा सकाळी सातला नाश्ता करून निघालात, एकच्या सुमारास जेवणार आहात आणि तीनला पोहोचणार आहात. मुलांना साडेनऊ आणि साडेअकराला खाऊ लागेल, मोठ्यांना दहाच्या आसपास एकदा. दोन मुलं आणि दोन मोठी माणसं असतील तर सहा वाटे झाले. त्यात उशीर झाल्यास म्हणून माणशी एक जादा धरा, म्हणजे एकूण दहा. हा आकडा हाती आला की दुकानात उगाच हात पसरत नाही.

एक वाटा म्हणजे किती? खाणाऱ्याच्या स्वतःच्या मुठीत मावेल एवढा कोरडा खाऊ आणि सोबत एखादं फळ. मूठ ज्याची त्याची, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाचा वाटा बापाच्या वाट्याएवढा होत नाही आणि अर्धा टाकावाही लागत नाही.

जादा वाटे मात्र काटकसरीच्या नादात कापू नका. वाहतूक कोंडी, पंक्चर, रस्ता बंद असणं, यांतलं काहीही झालं तर तेच उपयोगी पडतात. हे जादा वाटे सगळ्यात टिकाऊ पदार्थांचे असावेत, म्हणजे न लागल्यास परतीच्या प्रवासाला किंवा घरी कामी येतात.

दुसरी पायरी: पदार्थ टिकण्यावरून निवडा

चवीचा विचार नंतर. आधी प्रत्येक पदार्थाला विचारा की तू गाडीत किती तास तग धरशील?

पहिला गट बिनघोर पदार्थांचा. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, बदाम, सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, मनुके, खजूर, मक्याच्या लाह्या, साधी बिस्किटं, खारे क्रॅकर, कोरडी धान्यं. यांत पाणी फार कमी असतं किंवा साखर भरपूर असते, म्हणून जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. कुटुंबाचा निम्म्याहून जास्त खाऊ याच गटातला असावा असं माझं मत आहे. स्वस्तही हाच आणि पोटाला आधार देणाराही हाच. 100 ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे 25 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून मूठभर दाण्यांनी जेवढा वेळ निभतो तेवढा गोड बिस्किटांनी निभत नाही.

दुसरा गट अखंड फळांचा आणि साध्या ब्रेडचा. सफरचंद, संत्री, पेर, केळी ही फळं आपलं वेष्टण स्वतःच घेऊन येतात. सफरचंद सगळ्यात सोयीचं, कारण ते दबत नाही, गळत नाही आणि त्याचा वासही पसरत नाही. संत्रं चविष्ट, पण सोलताना हात चिकट होतात आणि साली मागे राहतात, त्यामुळे ते थांब्यावर खायचं फळ. केळं पौष्टिक आणि स्वस्त, पण ओझ्याखाली सापडलं की त्याचा लगदा होतो. केळी न्यायचीच असतील तर किंचित कच्ची घ्या, कडक डब्यात ठेवा आणि सगळ्यात आधी ती संपवा. शेंगदाण्याचं बटर किंवा जॅम लावलेला ब्रेडही याच गटात बसतो. हे दोन्ही पदार्थ काही तास थंड न ठेवताही चालतात.

तिसरा गट थंड ठेवावाच लागणारा. उकडलेली अंडी, दही, चीज, दूध, कापलेली फळं, मांसाचे पदार्थ, अंड्याचं मेयोनीज घातलेली सारणं. उन्हातल्या गाडीत यांचं आयुष्य तासात मोजायचं. बर्फाची सोय नसेल तर हा गट सरळ सोडून द्या. त्याच्याशिवाय काही अडत नाही.

टिकाऊपणाच्या चाळणीतून पास झालेल्या पदार्थाला आणखी एक परीक्षा द्यायची असते, ती गाडीची. त्याचा चुरा सीटच्या फटीत जातो का? हाताला तेल लागतं का? बंद काचांत वास कोंडतो का? वितळतो का? चॉकलेट याच परीक्षेत नापास होतं. त्यातली कोको चरबी साधारण 34 अंश सेल्सिअसच्या आतच वितळते आणि उन्हातली गाडी ते तापमान सहज गाठते. चॉकलेटचा मुलामा दिलेल्या वड्यांचंही तेच. उकडलेलं अंडं पोटभरीचं खरं, पण बंद गाडीत त्याचा डबा उघडला की कोणाचं ना कोणाचं नाक मुरडतंच, म्हणून ते झाडाखाली गाडी लावून खावं.

खारट पदार्थांबद्दलही जरा हात आखडता घ्या. मीठ जास्त गेलं की तहान लागते, पाणी जास्त जातं आणि पुढचा थांबा जवळ येतो. बिनमिठाचे दाणे आणि थोडे खारे क्रॅकर अशी जोडी बरी पडते.

तिसरी पायरी: पैसे कुठे वाचतात

सगळ्यात मोठी बचत एकाच गोष्टीत आहे: मोठं पाकीट घ्यायचं आणि घरी वाटे करायचे. एकेका माणसाच्या छोट्या पाकिटात तुम्ही खाऊपेक्षा वेष्टणाचे पैसे जास्त मोजता. दुकानात पाकिटाची किंमत पाहू नका, ती वजनाने भागून पाहा. शंभर ग्रॅमला किती पडतात हे काढलं की ‘कौटुंबिक’ असं लिहिलेलं प्रत्येक पाकीट स्वस्त नसतं हेही कळतं.

मक्याच्या लाह्यांएवढा स्वस्त खाऊ शोधून सापडणार नाही. चांगला फुटणारा दाणा फुटल्यावर आकाराने तीस-चाळीस पट होतो, त्यामुळे मूठभर मक्यात सगळ्यांचे डबे भरतात. झाकणाच्या जाड भांड्यात चमचाभर तेल तापवा, दाण्यांचा एकच थर होईल एवढा मका घाला आणि भांडं हलवत राहा. दोन फुटण्यांमधलं अंतर दोन-तीन सेकंदांचं झालं की आच बंद करा. नंतरची एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: लाह्या परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरा. गरम भरल्या तर आतली वाफ बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि सकाळी डब्यात चामट लाह्या सापडतात. न फुटलेले टणक दाणेही याच वेळी वेचून काढा, ते दातांना बरे नाहीत.

दुसरा हुकमी खाऊ म्हणजे सुकं मिश्रण. दोन वाट्या भाजलेले शेंगदाणे, दोन वाट्या फुटाणे, एक वाटी मनुके, अर्धी वाटी भोपळ्याच्या बिया. माणशी अर्धी वाटी धरली तर दहा-अकरा वाटे होतात. बाजारातल्या तयार मिश्रणात महाग सुकामेवा वर दिसेल असा ठेवलेला असतो आणि खाली मनुके भरलेले असतात. घरच्या मिश्रणात प्रमाण आपल्या हातात असतं. एक मात्र लक्षात ठेवा. मनुक्यांतला ओलावा हळूहळू कुरकुरीत पदार्थांकडे जातो. एका दिवसाच्या प्रवासाला हे चालतं. आठवडाभराची सहल असेल तर मनुके वेगळे ठेवा आणि रोज सकाळी मिसळा.

गोडाची सोय खजुराने होते. एक वाटी ओट्स आणि अर्धी वाटी शेंगदाणे कोरडे भाजून भरड वाटा, एक वाटी बिया काढलेला मऊ खजूर त्यात घालून पुन्हा फिरवा. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा राहिला पाहिजे. सुटत असेल तर आणखी दोन खजूर घाला, पाणी घालू नका, कारण पाण्याने टिकाऊपणा जातो. ताटात थापून वड्या पाडा आणि एकेक वडी कागदात गुंडाळा. तयार एनर्जी बारची जागा या वड्या सहज घेतात आणि त्यांवर वितळायला काही नसतं.

पाणी घरूनच भरून घ्या. दिवसभराच्या प्रवासाला माणशी एक लिटर धरा, शिवाय एक मोठा कॅन डिकीत असू द्या. रस्त्यात विकत घेतलेल्या बाटल्यांचा हिशोब घरी आल्यावर कोणी करत नाही, पण खाण्यावरच्या खर्चात त्यांचा वाटा मोठा असतो. मुलांसाठी गोड पेयांऐवजी साधं पाणीच बरं. सांडलं तरी सीट चिकट होत नाही.

चौथी पायरी: थंड डबा म्हणजे काय ते समजून घ्या

ज्यांना तिसऱ्या गटातलं काही न्यायचं आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा, बाकीच्यांनी पुढे गेलं तरी चालेल.

5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. नाशवंत किंवा शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेर 32 अंशांच्या वर ऊन असेल तर ही मुदत एक तासाचीच धरावी. कारण साधं आहे. परिस्थिती अनुकूल असेल तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे दोन तासांत 64 आणि सहा तासांत अडीच लाखांवर.

‘पोहोचल्यावर गरम करून खाऊ’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. हातांवरून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस आणि शिजवलेल्या भातात वाढणारा बॅसिलस सेरियस हे जंतू असं विष सोडू शकतात की जे नंतरच्या उकळीनेही जात नाही. वास आणि चव यांवरूनही ते कळत नाही. शंका आली की टाकून द्या.

आता बर्फाचं गणित. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापेल. म्हणून नुसत्या थंडगार पाण्याच्या बाटल्या डब्यात ठेवून काही साधत नाही. काम करतो तो गोठलेला बर्फच. वेगळे आइस पॅक विकत घेण्याची गरज नाही. आदल्या दिवशी पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवा. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून बाटली वरून दहावा हिस्सा रिकामी ठेवा, नाहीतर ती फुटते. दुपारपर्यंत हाच बर्फ प्यायच्या थंड पाण्याच्या रूपात परत मिळतो.

डबा भरताना पदार्थ आधीच फ्रिजमध्ये गार झालेले असावेत. कोमट पदार्थ आत ठेवला की अर्धा बर्फ त्यालाच गार करण्यात संपतो. थंड हवा खाली उतरते, त्यामुळे एक बाटली तळाशी ठेवली तरी दुसरी वर हवीच. रिकामी जागा राहू देऊ नका, तिथे फडकं किंवा चुरगाळलेला कागद कोंबा. पेयं आणि खाणं एकाच डब्यात ठेवू नका. पाण्यासाठी झाकण सारखं उघडतं आणि त्याची किंमत दह्याला मोजावी लागते. आणि हा डबा डिकीत ठेवू नका. एसी चालू असलेल्या गाडीत, सीटच्या खाली सावलीत, वर जाड टॉवेल टाकून ठेवलेला डबा कितीतरी जास्त वेळ थंड राहतो.

कापलेल्या सफरचंदाचा प्रश्न नेहमी येतो. फोडी तपकिरी होतात त्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे. लिंबाच्या रसाचे काही थेंब चोळले की ते बरंच थांबतं. पण लिंबाने फक्त रंग टिकतो, फोडी थंड ठेवायची गरज त्याने कमी होत नाही. काकडीत तर सुमारे 95 टक्के पाणी असतं, कापून ठेवली की डबाभर पाणी सुटतं. ती अख्खी न्या, सुरी डिकीत ठेवा आणि थांब्यावर कापा.

पाचवी पायरी: लहान मुलं असतील तर यादी बदला

सगळ्या लेखातला हा भाग कमी मजेचा आणि जास्त गरजेचा.

चालत्या गाडीत मूल मागच्या सीटवर बांधलेलं असतं, चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर असते आणि एखादा धक्का कधी बसेल ते सांगता येत नाही. अशा वेळी घशात घास अडकला तर कळायलाच उशीर होतो. खोकल्याचा आवाज ऐकू येईल असं गृहीत धरू नका. पूर्ण अडकलेला घास आवाज करू देत नाही.

म्हणून चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम, फुटाणे, लाह्या, टणक गोळ्या आणि कच्च्या गाजराचे तुकडे गाडीत देऊ नका. द्राक्षं गोल आणि निसरडी असल्याने घशात नेमकी बसतात. ती लांबीच्या दिशेने चार भागांत चिरून द्या, आडवी कापून उपयोग नाही, गोलपणा तसाच राहतो. गाजर वाफवून मऊ करा. शेंगदाण्याचं बटर चमच्याने देऊ नका, ब्रेडवर पातळ पसरून द्या. या वयाला मऊ केळ्याच्या फोडी, मऊ ब्रेडचे तुकडे, तोंडात विरघळणारी बिस्किटं ठीक. सगळ्यात चांगलं म्हणजे तान्ह्या आणि दुडदुडत्या मुलांना गाडी थांबवूनच खायला द्यावं. त्याने प्रवास लांबतो, लांबू द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको, पदार्थात मिसळलेलाही नको. त्यातल्या बोट्युलिनम जंतूच्या बीजाणूंचा बाळाला धोका असतो.

गाडीत कोणाला दाण्यांची किंवा इतर कशाची ॲलर्जी असेल तर त्या माणसापुरता वेगळा डबा करणं पुरेसं नाही. बंद जागेत सगळे एकाच पिशवीत हात घालतात. तो पदार्थ त्या प्रवासापुरता सगळ्यांनीच सोडावा.

गाडी लागत असेल तर

दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास जास्त दिसतो. कान सांगतो शरीर हलतंय, डोळे पुस्तकावर किंवा मोबाईलवर खिळलेले असतात, आणि या दोघांचं जुळत नाही म्हणून मळमळतं. खाऊने हे बरं होत नाही, पण चुकीच्या खाऊने बिघडतं नक्की. तेलकट, उग्र वासाचं आणि भरपेट खाणं टाळा. उपाशीपोटीही निघू नका. साधे क्रॅकर, कोरडा टोस्ट, थोडं केळं, घोटघोट पाणी एवढंच द्या. आल्याचा काहींना उपयोग होतो, आल्याची बिस्किटं नेऊन पाहायला हरकत नाही. घाटरस्ता सुरू होण्याआधी तासभर खाऊचा डबा बंद ठेवा. हा नियम मुलांना निघतानाच सांगून ठेवा, घाटात सांगितला तर भांडण होतं.

सहावी पायरी: बांधणी

दोन दिवस आधी कोरडं सामान आणून ठेवा आणि वड्या करून घ्या. आदल्या दिवशी दुपारीच बाटल्या फ्रीझरमध्ये जाऊ द्या, रात्री ठेवलेल्या सकाळपर्यंत आतून गोठलेल्या नसतात. लाह्या आणि मिश्रणाचे वाटे आदल्या संध्याकाळी करा. सकाळी फक्त ब्रेड भरायचा आणि थंड डबा लावायचा, एवढंच उरलं पाहिजे.

ब्रेड ओला होऊ नये यासाठी दोन्ही चकत्यांना कडेपर्यंत लोण्याचा थर द्या. चरबीच्या थरातून ओलावा झिरपत नाही. जॅम लावायचा असेल तर तो मधोमध राहू द्या. टोमॅटो आणि काकडी आत घालू नका, वेगळी न्या.

भांडी नवी घेऊ नका. घरातले झाकणाचे छोटे डबे, धुतलेल्या बरण्या, झिपच्या पिशव्या चालतात. निकष एकच: सात वर्षांच्या मुलाला झाकण स्वतः उघडता आलं पाहिजे, आणि उघडताना ते उडून खाऊ मांडीवर सांडता कामा नये. काचेची बरणी नको. पिशवीत कुरकुरीत पदार्थ भरलात तर थोडी हवा आत राहू द्या, चुरा कमी होतो.

वाट्यांवर नावं लिहा. वर्षांनुवर्षं टिकलेली भावंडांची भांडणं याने मिटत नसली तरी ‘त्याला जास्त’ हे एक कारण कमी होतं.

मग मोठी पिशवी भरा, पण उलट क्रमाने. शेवटी लागणारं तळाशी, पहिल्या थांब्याआधी लागणारं सगळ्यात वर. पुढच्या सीटवरच्या किंवा मागे बसलेल्या मोठ्या माणसाच्या पायाशी ती राहील अशी जागा ठरवा. डिकीत गेलेला खाऊ नसल्यात जमा असतो. जादा वाट्यांची पिशवी तेवढी डिकीत, मुलांच्या नजरेआड.

खाऊबरोबर जाणारं सामान छोटं असलं तरी विसरू नये: कचऱ्यासाठी दोन-तीन पिशव्या, ओलं फडकं एका डब्यात, कोरडं फडकं, सुरी, दोन चमचे, साबणाचा तुकडा. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये किमान 60 टक्के अल्कोहोल असावं. पण तेलकट किंवा मातकट हातांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवरही ते भरवशाचं नाही. पाणी मिळालं तर वीस सेकंद साबणाने हात धुणं केव्हाही सरस.

चालत्या गाडीत

गाडी चालवणाऱ्याने चालवताना खाऊ नये. ताशी 90 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 25 मीटर जाते, म्हणजे पाकीट फाडायला दोन सेकंद खाली पाहिलं तर 50 मीटर रस्ता न पाहता गेला. त्याचा वाटा थांब्यावर द्या. पाणी प्यायचंच असेल तर शेजारच्याने झाकण उघडून हातात द्यावं आणि परत घ्यावं. चालकाच्या पायाशी बाटली, डबा, संत्रं यांतलं काहीही ठेवू नका. घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेलेली बाटली ब्रेक दाबू देत नाही.

वाटणी एकाच मोठ्या माणसाने करावी आणि ठरलेल्या वेळीच करावी. कंटाळा आला की खाऊ, ही सवय पहिल्या तासात लागली तर दुपारपर्यंत पिशवी रिकामी होते. दातांच्या दृष्टीनेही दिवसभर चरण्यापेक्षा ठरावीक वेळी खाणं बरं. प्रत्येक गोड घासानंतर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दातांना सावरायला मध्ये वेळ लागतो. खजूर आणि मनुके दाताला चिकटतात, त्यानंतर पाण्याने चूळ भरायला लावा.

वेळेआधी भूक लागल्याची तक्रार आली तर आधी पाणी द्या, मग सफरचंद. सफरचंद नको म्हणणाऱ्या मुलाला बहुतेक वेळा भूक लागलेली नसते.

गाडी उभी करताना

जेवायला उतरताना थंड डबा बरोबर घ्या किंवा किमान सावलीत गाडी लावा. उन्हात उभ्या गाड्यांचं तापमान मोजणारा एक अभ्यास 2005 मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात तासाभरात आतलं तापमान सरासरी 22 अंश सेल्सिअसने चढलं आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. अशा गाडीत दही टिकणार नाही हे उघड आहे, आणि मूल किंवा पाळीव प्राणी तर पाच मिनिटांसाठीही आत ठेवू नये.

प्रवासात देशाची किंवा प्रांताची हद्द ओलांडायची असेल तर ताजी फळं, बिया आणि मांसाचे पदार्थ यांचे नियम आधी पाहा. पिकांवरची कीड पसरू नये म्हणून काही ठिकाणी हे पदार्थ सीमेवरच काढून घेतात. तिथे पाकीटबंद कोरडा खाऊ उपयोगी पडतो, तोही मूळ पाकिटासकट.

पोहोचल्यावर पिशवी लगेच रिकामी करा. थंड डब्यातला बर्फ अजून घट्ट असेल तर आतलं अन्न फ्रिजमध्ये ठेवता येईल. बर्फाचं पूर्ण पाणी झालं असेल आणि ते हाताला कोमट लागत असेल तर नाशवंत पदार्थ फेका. कोरडे वाटे मोजून पाहा. काय उरलं आणि काय आधी संपलं ते त्याच कागदावर लिहा, ज्यावर तासांचा हिशोब मांडला होता. परतीच्या खरेदीला तोच कागद लागेल. डबे त्याच रात्री धुवून उघडे वाळत घाला आणि बाटल्या पुन्हा फ्रीझरमध्ये लावा.